पासवर्ड कसा ठेवावा : सातारा-सांगलीकरांसाठी प्राथमिक धडे

साहित्य : एक वही, एक पेन, कुलूप लागणारं कपाट. मोबाइल नसेल तर पुढचं वाचू नका, तुम्ही सुखी आहात.

सुरुवात चौकातून करा. तिथल्या फ्लेक्सवर तुमचं नाव, टोपणनाव, वाढदिवसाची तारीख आणि गॉगल घातलेला फोटो, तमाम शुभेच्छुकांसह टांगलेला असेल. त्यातलं काहीही पासवर्डात चालणार नाही. मग गाडीची पाटी पाहा. एमएच ११ किंवा एमएच १०, पुढे दोन अक्षरं आणि चार आकडे. एका जिल्ह्यात अशा पाट्या फार तर ६७ लाख ६० हजार होतात, आणि पासवर्डांच्या फुटलेल्या यादीवर बसलेल्या चोराच्या संगणकाला तेवढ्या जुळवून बघायला तुमचा चहा गार होण्याइतकाही वेळ लागत नाही. ४१४१ घेऊन दादा म्हणवून घ्यायची हौस गाडीवरच भागवावी. लेकरांची नावं, कुलदैवत, पिनकोड हेही बाद. ते लग्नपत्रिकेत छापून तुम्हीच गावभर वाटलंय.

आता ई-सेवा केंद्रातला प्रसंग.

"आबा, पासवर्ड काय ठेवू?"

"ठेव की तुझ्या मनानं कायतरी."

पोरगं ठेवतं : आबांचं नाव, ॲट, एक दोन तीन. मग अर्जाच्या पाठीमागं पेनानं लिहूनही देतं. पोरगं गुणी आहे, पण अख्ख्या गावाचं कुलूप त्यानं एकाच किल्लीचं केलंय. घरी गेल्यावर पहिलं काम म्हणजे हा पासवर्ड बदलणं.

बदलणं म्हणजे काय, यासाठी अजिंक्यताऱ्याकडे बघावं. किल्ला मुळात सातारा. १७०० मध्ये मोगलांनी घेतला, आझमतारा झाला. मराठ्यांनी परत घेतला, अजिंक्यतारा झाला. तिन्ही वेळा शेपूट तेच! किल्ल्याला हे शोभतं. आपण मात्र शेवटी १२३ चं १२४ करतो आणि पासवर्ड बदलला म्हणतो. चोराचा प्रोग्राम ही १२४ ची चाल आधी खेळतो. म्हणून तर अमेरिकेच्या एनआयएसटी या संस्थेने २०१७ मध्ये सांगून टाकलं, की लोकांना ठरावीक मुदतीनं पासवर्ड बदलायला लावू नका. फुटल्याची शंका आली तरच बदला.

लांबी वाढवा, नक्षी नको. इंग्रजी लिपीतली आठ छोटी अक्षरं घेतली तर सुमारे २० हजार ८८३ कोटी जुळण्या होतात. आकडा दांडगा वाटतो, पण आजच्या यंत्रांना किरकोळ. अक्षरं बारा केलीत, की तोच आकडा साडेचार लाखांहून अधिक पटींनी फुगतो. तेव्हा एकमेकांशी सोयरीक नसलेले चार शब्द डोळे मिटून उचला : भडंग, छत्री, तलाठी, मोर. (हे चार नकोत, ते आता छापून आले.) तलाठी छत्री घेऊन मोराला भडंग चारतोय, असं चित्र डोळ्यांपुढे आणलं की विसरायचं म्हटलं तरी विसरत नाही. फक्त इंग्रजी लिपीतलं स्पेलिंग आधी ठरवा. वाळवा डब्ल्यूने की व्हीने, यावर वाळव्यातसुद्धा एकमत व्हायचं नाही.

वहीत लिहिलं तर चालतं का? खुशाल लिहा. परदेशात बसलेला भामटा तासगावात येऊन तुमचं कपाट उघडणार नाही. मात्र भिंतीवरच्या कालनिर्णयावर, दुधाच्या हिशेबाशेजारी नको. खाती फार असतील तर पासवर्ड मॅनेजर घ्यावा. ईमेलचा पासवर्ड मात्र सगळ्यांहून वेगळा हवा, कारण बाकीच्या खात्यांचे 'विसरलो' म्हणून मागवलेले दुवे तिथंच येऊन पडतात.

ओटीपी जावयालाही सांगू नये. पैसे गेलेच तर १९३० वर लगेच फोन करावा. आधी भावकीची बैठक नको.

शेवटी सुरक्षा-प्रश्न येतो : तुमचा जन्म कोणत्या जिल्ह्यात झाला? खरं उत्तर सगळ्यांना ठाऊक असतं, म्हणून इथं बेधडक खोटं लिहावं आणि ते खोटंही वहीत नोंदवावं. विटा-तासगावकडच्या, १९४९ नंतर पण १९६० च्या आधी जन्मलेल्या आजोबांना तेवढंही पाप करायला नको. त्यांनी 'दक्षिण सातारा' लिहावं. भामटा सांगली, सांगली टाइप करत बसेल, आणि केंद्रातलं पोरगंही म्हणेल, "आबा, असा जिल्हाच नाही."