परवाना निलंबित

नांदेडच्या विमानतळाला 2008 साली, गुरू-ता-गद्दीच्या त्रिशताब्दीत, नवं रूप आलं. किंगफिशर आली, गेली. 2017 च्या एप्रिलमध्ये पंतप्रधानांनी शिमल्यातून झेंडा दाखवला आणि ‘उडान’चं हैदराबाद विमान सुरू झालं, ते चालवणारी ट्रूजेटही नंतर गेली. मग स्टार एअर आली, तर 2025 च्या ऑगस्टमध्ये विमान वाहतूक नियामक डीजीसीएनं धावपट्टीच्या सुरक्षेत त्रुटी काढून विमानतळाचा परवाना निलंबित केला, विमानंच थांबवली. कंपन्या जातात, याची सवय होती. पण पट्टी खराब म्हणून वाहतूक बंद? आमच्याकडे रस्ता उखडला की वाहतूक थांबत नाही, लोक कंबरेचा पट्टा विकत घेतात.

या विमानवाल्यांचं सगळंच जगावेगळं. काय बिघडलेलं असताना उडता येईल, याची छापील यादी असते म्हणे. बी गटातला बिघाड 3 दिवसांत काढायचा, सी गटातला 10 दिवसांत, डी गटातला 120 दिवसांत. मुदत संपली की विमान जमिनीवर. शिवाय दुरुस्तीवर सही कोणाची, ते कागदावर! आमच्या काळी-पिवळीचं मागचं दार सुतळीनं बांधलेलं असतं. सुतळी कुजली की नवी बांधतात, देखभाल झाली. गट विचारला तर ड्रायव्हर पार्टीचा सांगेल.

25 मे 2017 ला आमच्या निलंग्यात मुख्यमंत्री फडणवीसांचं हेलिकॉप्टर उडताच तारांत अडकून कोसळलं. सगळे वाचले, ही देवाची कृपा. लगेच तपास पथक नेमलं गेलं. मे महिन्यातल्या तापल्या, विरळ हवेत पंख्याला उचल कमी मिळते, हे तेव्हा चहाच्या टपरीवरही कळलं. उडत्या वस्तूला तार लागली की चौकशी. उसाच्या ट्रॉलीला लागली की पंचनामा.

म्हणून एक नम्र सूचना. धावपट्टी तपासणाऱ्या त्या साहेबांना एकदा ऐन श्रावणात निलंग्याच्या आतल्या रस्त्यांवर फिरवावं. जीपचं भाडं आम्ही वर्गणी काढून देऊ, पुढची सीटही देऊ. अडचण एवढीच, की परवाना रद्द करायचा झाला तर करायचा कोणाचा? बांधकाम खातं म्हणेल रस्ता जिल्हा परिषदेचा, जिल्हा परिषद म्हणेल वर्ग झालाय, ठेकेदार म्हणेल मुदत संपली. खड्डा तेवढा बिनवारस. आणि त्याला परवाना कधी लागलाच नव्हता.