चार ढिगांचं शास्त्र

कंत्राटदार नियोजन करत नाहीत, ही शुद्ध बदनामी आहे. आमच्या ओळखीत एक भाऊ आहेत. पुण्यात जुन्या इमारती पाडायच्या आणि त्या जागी नव्या उभ्या करायच्या, हा त्यांचा धंदा. त्यांच्या ऑफिसात 'बांधकाम राडारोडा व्यवस्थापन आराखडा' नावाची फाइल आहे. स्पायरल बाइंडिंग, वर चकचकीत प्लास्टिक, मुखपृष्ठावर दवबिंदू पडलेलं हिरवं पान. आत काय नाही ते विचारा. किती टन निघणार, कसं वेगळं करणार, कुठे साठवणार, धूळ उडू नये म्हणून दिवसातून किती वेळा पाणी मारणार, सगळं सविस्तर. फक्त सातव्या पानावर 'सदर प्रकल्प मौजे बाणेर येथे' असं छापलंय आणि साइट आहे सहकारनगरला.

"बाणेरचा पहिला होता," भाऊंनी खुलासा केला. "तेव्हा कन्सल्टंटला पैसे मोजून करून घेतला. आता सगळीकडे तोच लागतो. वाचतंय कोण?"

वाचायचं काम ज्यांचं, त्यांनी त्यावर शिक्का मारलेला आहे. शिक्क्याखालची सही मात्र प्रत्येक वेळी नवीन असते, त्यामुळे यंत्रणा काहीच करत नाही असंही म्हणता येणार नाही.

नियम तसे स्पष्ट आहेत. केंद्र सरकारने 29 मार्च 2016 ला बांधकाम आणि पाडकामाच्या कचऱ्यासाठी स्वतंत्र नियम काढले. दिवसाला 20 टनांहून जास्त, किंवा एका प्रकल्पात महिन्याला 300 टनांहून जास्त राडारोडा काढणाऱ्याने काम सुरू करण्याआधी विल्हेवाटीचा आराखडा द्यायचा आणि तो मंजूर करून घ्यायचा. 12 फ्लॅटची तीन मजली इमारत पाडली तरी 300 टन कुठल्या कुठे मागे पडतात, म्हणजे सूट कोणालाच नाही. शिवाय कचऱ्याचे चार ढीग करायचे: काँक्रीट वेगळं, माती वेगळी, लोखंड-लाकूड-प्लास्टिक वेगळं, विटा आणि मसाला वेगळा. इमारत साठ फुटी गल्लीत असली तरी चारच, आणि आठ फुटी बोळात असली तरी चारच. बोळात चार ढीग केल्यावर माणसांनी कुठून चालायचं, हा प्रश्न नियमाच्या कक्षेत येत नाही.

प्रत्यक्ष साइटवर ढीग दोन होतात. जे विकलं जातं तो एक, आणि उरलेला दुसरा.

पहिल्या ढिगाची काळजी सरकारने करायची गरजच नाही. पाडकाम सुरू व्हायच्या आधीच दारं-खिडक्या चौकटींसकट उतरतात. सागवानी असतील तर गिऱ्हाईक आधीपासून उभं असतं. ग्रिल, नळ, बेसिन, कमोड, भिंतीतल्या पाइपातून ओढून काढलेली तांब्याची तार, जुना वाडा असेल तर मंगलोरी कौलं आणि अख्खी निघालेली शहाबादी फरशी, सगळ्याला भाव आहे. मग स्लॅब खाली येतो. उन्हात बसलेली माणसं घण घालून त्या स्लॅबमधून सळ्या मोकळ्या करतात. शेजारी एक जण दगडावर वाकडी सळई ठेवतो, पायाने दाबतो आणि हातोडीच्या चार ठोक्यांत सरळ करून बाजूला टाकतो. संध्याकाळी त्या सळ्यांचा भारा वजनकाट्यावर जातो, काट्यावर शेवटच्या किलोसाठी भांडण होतं. या भांडणाइतकं काटेकोर मोजमाप अख्ख्या आराखड्यात कुठे नाही. जुनी इमारत पाडायला मिळावी म्हणून पाडणाराच मालकाला पैसे देतो, ते या पहिल्या ढिगाच्या जिवावर. त्यासाठी ना समिती लागली, ना कार्यशाळा, ना हिरव्या पानाचं मुखपृष्ठ.

दुसरा ढीग रात्री साडेअकरानंतर निघतो.

ताडपत्री टाकलेला डंपर कुठे जातो, हे आराखड्यात सोडून सगळ्यांना माहीत असतं. शहराच्या कडेला 'भराव पाहिजे' असे बोर्ड लागलेले असतात, खाली मोबाइल नंबर. ज्याला भराव पाहिजे असतो त्याची जमीन बहुधा ओढ्याला लागून असते आणि दोन-तीन पावसाळ्यांत ती वाढलेली दिसते. सातबारा तेवढाच राहतो, जमीन वाढते. हा चमत्कार कृषी विद्यापीठांनाही जमलेला नाही. काही डंपर थेट नदीपात्रात उतरतात. 25 जुलै 2024 ला खडकवासल्यातून विसर्ग वाढला आणि सिंहगड रस्त्याला एकतानगरीत लोकांच्या घरात पाणी शिरलं, तेव्हा पात्रातल्या भरावाची मोठी चर्चा झाली. पाणी ओसरलं, चर्चाही ओसरली. भराव तेवढा जागचा हलला नाही.

मुंबईने या बाबतीत आपल्याआधी ठेच खाल्ली आहे. देवनार आणि मुलुंडच्या कचराभूमींची अवस्था बघून 2016 साली उच्च न्यायालयाने शहरात नव्या बांधकामांनाच मनाई केली. 2018 च्या मार्चमध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती शिथिल केली, पण अटी घालून: डेब्रिज कुठे टाकणार ते आधी सांगा, ती जागा परवानगीची असली पाहिजे, आणि बँक हमी द्या. कोर्टाचा हेतू असा, की दगड-माती कुठे तरी रीतसर जावी. बाजाराला त्यातून एक नवा माल मिळाला, तो म्हणजे जागामालकाचं संमतीपत्र. कागद हलका असतो, त्याला डंपर लागत नाही. मिठी नदीच्या गाळाच्या प्रकरणात मुंबई पोलिसांच्या आर्थिक गुन्हे शाखेने 2025 साली गुन्हा दाखल केला, त्यात गाळ टाकण्यासाठी दाखवलेले करारच बनावट असल्याचा आरोप आहे. आकडा 65 कोटींच्या वरचा. आरोप सिद्ध व्हायचे आहेत, तेव्हा आपण एवढंच म्हणू, की या राज्यात गाळाला कागदावरून प्रवास करता येतो असा पोलिसांना संशय आहे.

आता भाऊंची बाजू. ती ऐकून घेतली पाहिजे, कारण ती अगदीच टाकाऊ नाही.

"समजा केले चार ढीग. पुढे काय?" ते विचारतात. पुढे प्रक्रिया प्रकल्प आहेत. पुण्याचा वाघोलीला आहे, मुंबईने दहिसरला आणि शिळफाट्याला रोज प्रत्येकी 600 टनांचे उभे केलेत. दगड फोडून, धुऊन, चाळून त्यातून खडी, वाळू आणि पेव्हर ब्लॉक निघतात. 'आयएस 383' या भारतीय मानकाने 2016 मध्ये अशा खडीला रीतसर मान्यता दिली: साध्या काँक्रीटमध्ये 25 टक्क्यांपर्यंत, एम-25 पर्यंतच्या सळईच्या काँक्रीटमध्ये 20 टक्क्यांपर्यंत. आणि 2016 च्या नियमांनी सरकारी व पालिकेच्या कामांत 10 ते 20 टक्के असा माल वापरायला सांगितलं. साखळी पूर्ण झाली. फक्त शेवटच्या कडीत गिऱ्हाईक पाहिजे आणि सगळ्यात मोठं गिऱ्हाईक म्हणजे खुद्द सरकार.

"मी उद्या ते ब्लॉक घेतो," भाऊ म्हणाले. "पण साहेबांनी बिलात धरले पाहिजेत. साहेब म्हणतात, दरसूचीत दाखवा. दरसूचीवाले म्हणतात, मागणी दाखवा. मागणी करायची साहेबांनी. मग मी आपला खाणीतली खडी आणतो, तिला कोणी काही विचारत नाही."

खाणीतल्या खडीला खरंच कोणी काही विचारत नाही. एकीकडे डोंगर फोडून खडी आणायची, दुसरीकडे फोडलेली इमारत ओढ्यात टाकून डोंगर करायचा. हे म्हणजे एका नळाने बादली भरायची आणि तळाच्या भोकाला दुसरी बादली लावायची. दरम्यान पालिका चांगले फुटपाथ उखडून नवे ब्लॉक बसवते. जुन्या ब्लॉकचा राडारोडा झाडाच्या आळ्यात पडून राहतो. नियम पालिकेच्या कामांनाही लागू आहेत, पण पालिकेचा आराखडा पालिकेलाच मंजूर करायचा असल्यामुळे त्यात फारसा मतभेद होत नसावा.

सगळा दोष भाऊंच्या आणि साहेबांच्या गळ्यात बांधून आपण मोकळं व्हावं, तर सोसायटीच्या पुनर्विकासाची सभा आठवते. चार तास चालली. चटई क्षेत्र किती वाढणार, भाडं किती मिळणार, कॉर्पस किती, पार्किंग खाली की पोडियमवर, देवघर पूर्वेला येईल का, यावर घनघोर चर्चा. एका निवृत्त आजोबांनी हात वर केला: "आपली ही इमारत पाडल्यावर ती जाणार कुठे?" चेअरमन म्हणाले, "आजोबा, आपण सगळे भाड्याच्या फ्लॅटमध्ये जाणार आहोत." आजोबांनी माणसांचं नव्हे, इमारतीचं विचारलं होतं. सचिवांनी विषय अजेंड्यावर नसल्याचं सांगितलं आणि चहा आला. विकसकाच्या 80 पानी करारनाम्यात बाथरूमच्या टाइल्सच्या ब्रँडला परिशिष्ट आहे. राडारोड्याला एक ओळ आहे, 'विकसक नियमानुसार विल्हेवाट लावील', आणि तिच्यावर सगळ्या सभासदांच्या सह्या आहेत.

आता नवे नियम आलेत. 2025 मध्ये केंद्राने 2016 चे नियम बाजूला ठेवून नवे काढले. अंमलबजावणीची तारीख 1 एप्रिल 2026. (तारखेवरून विनोद करायचा मोह आम्ही आवरतो.) 20 हजार चौरस मीटर किंवा त्याहून मोठ्या प्रकल्पांनी पोर्टलवर नोंदणी करायची, ठरलेल्या प्रमाणात राडारोड्याचा पुनर्वापर होतो आहे ही जबाबदारी घ्यायची आणि ती पार पाडल्याच्या पुराव्यादाखल नोंदणीकृत प्रक्रियादाराकडची प्रमाणपत्रं दाखवायची. ही प्रमाणपत्रं विकत घेता येतात.

हे शेवटचं वाक्य सांगितलं तेव्हा भाऊ पहिल्यांदाच खुर्चीत सरळ बसले.

"विकत? म्हणजे ऑनलाइन?"

"हो."

"टनावर?"

"टनावर."

"आणि माल त्याच्याकडे आपलाच गेला पाहिजे, असं काही?"

तेवढ्या बारकाव्यात आम्ही शिरलो नाही. भाऊंनाही उत्तराची घाई नव्हती. त्यांनी समोरच्या पॅडवर काही आकडे मांडले, खोडले, परत मांडले. मग फोन उचलून मेव्हण्याला लावला. मेव्हण्याचा मुळशीकडे स्टोन क्रशर आहे, गेले वर्षभर बंद पडलेला.

"अरे, मशीन विकू नकोस इतक्यात," भाऊ म्हणाले. "चालू नसलं तरी चालेल. नोंदणीला काय काय कागद लागतात, तेवढं बघ."