छतावरची प्रतिष्ठापना

अँटेना विकत आणणे हा या विधीतला सर्वांत सोपा भाग. तो छतावर नेण्याआधी यजमानाने घरात खातेवाटप उरकून घ्यावे. एक माणूस छतावर, एक जिन्यात, एक टीव्हीसमोर, असे किमान तिघे लागतात. छतावरचा फिरवतो, टीव्हीसमोरचा निकाल देतो आणि जिन्यातला दोघांच्या मध्ये ओरडतो. जिन्यातल्याला पूर्वी धाकटा भाऊ म्हणत. आता मोबाइल म्हणतात. पण दोन्ही हात पान्यात गुंतलेले असताना मोबाइल कानाला कोण लावणार, हा प्रश्न पहिल्या पाच मिनिटांतच उभा राहतो आणि धाकट्या भावाची पुनर्नियुक्ती होते.

टीव्हीसमोर कोणाला बसवायचे, यावर सगळे कार्य अवलंबून आहे. तिथे आजीला बसवू नये. चित्र दिसू लागताच आजी ते बघू लागते, कळवायचे राहून जाते आणि छतावरचा बिचारा सापडलेली दिशा ओलांडून पुढे निघून जातो.

"आजी, आलं का?"

"आलं होतं की मघाशीच. छान गाणं चाललं होतं. तू का घालवलंस?"

अध्याय पहिला : टेकडीकडे तोंड

भोपाळ हे तलावांचे आणि टेकड्यांचे गाव. मोठ्या तलावाच्या काठी श्यामला हिल्स आहे. आकाशवाणी आणि दूरदर्शन, दोघांचाही मुक्काम तिथेच. नळ्यांच्या जुन्या अँटेनासाठी शहरातल्या यजमानाला एवढाच भूगोल पुरत असे : आपले छत कुठे आणि श्यामला हिल्स कुठे. टीव्हीच्या लहरी नाकासमोर चालणाऱ्या. मध्ये टेकडी, पाण्याची टाकी किंवा शेजाऱ्याने चढवलेला नवा मजला आला की अडखळतात. एखाद्या इमारतीवर आपटून किंचित उशिरा पोहोचलेली लहर पडद्यावर नायकाशेजारी त्याचा फिकट जुळा भाऊ उभा करते. त्याला घरात 'भुतं दिसणं' म्हणत. पुरेसे काही पोहोचलेच नाही तर 'मुंग्या येणं'. दोन्ही दुखण्यांवर औषध एकच असे : थोडं डावीकडे.

तो अँटेना म्हणजे एका दांडीवर आडव्या बसवलेल्या ॲल्युमिनियमच्या नळ्या. जपानमधल्या सेंदाई येथील तोहोकू विद्यापीठात शिंतारो उदा आणि हिदेत्सुगु यागी यांनी १९२६ मध्ये तो जगापुढे मांडला. खटपट बरीचशी उदांची. पण १९२८ चा इंग्रजी लेख यागींचा, म्हणून बोलीत नाव राहिले यागींचे. १९४२ मध्ये सिंगापूर पडल्यावर जपानी सैन्याला एका ब्रिटिश रडारवाल्याच्या टिपणांत 'यागी' हा शब्द पुन्हा पुन्हा दिसला. अर्थ कोणाला लागेना. शेवटी युद्धकैद्यालाच विचारले, तेव्हा त्याने सांगितले की हे तुमच्याच एका प्राध्यापकाचे नाव. भोपाळच्या छतांवर दोघांपैकी कोणाचेच नाव निघाले नाही. तिथे त्याला नुसते 'एंटीना' म्हणत आणि त्याच्यावर माकड बसले की माकडाचा उद्धार करत.

नळ्यांची मांडणी एकत्र कुटुंबाच्या ग्रुप फोटोसारखी असते, हे लक्षात ठेवावे. सगळ्यांत उंच मंडळी मागच्या रांगेत, हे परावर्तक. त्यांच्यापुढे दुमडलेल्या कांबीचा कर्ता पुरुष, ज्याच्या गळ्यात वायर अडकवलेली असते. त्याच्यापुढे उतरत्या उंचीने लेकरे. फोटोग्राफर उभा आहे श्यामला हिल्सवर. म्हणजे आखूड नळी टेकडीकडे, लांब नळी पाठीमागे. कित्येक घरांत हा फोटो पाठमोरा निघाला होता. तरीही थोडेफार दिसत असल्यामुळे चूक वर्षानुवर्षे उघडकीस येत नसे आणि दोष हवामानाला मिळे.

कर्त्या पुरुषाची लांबी मनाने ठरवू नये. ती लहरीच्या निम्मी असावी लागते. १७५ मेगाहर्ट्झची लहर सुमारे १ मीटर ७० सेंटिमीटरची, म्हणून नळी ८० ते ८५ सेंटिमीटर. ५०० मेगाहर्ट्झला हीच नळी ३० सेंटिमीटरवर येते, म्हणजे शाळेतली फूटपट्टी. ज्यांना हा हिशेब नको होता, त्यांनी अँटेनाला स्टीलची ताटली बांधून पाहिली. लहरींच्या वाटेत धातू आला की काहीतरी बदलते, हे खरे. ते सुधारेल की बिघडेल, हे मात्र ताटली ठरवते. शिवाय संध्याकाळी पानावर बसताना एक ताटली कमी पडते.

२५ जानेवारी १९८७ ला 'रामायण' सुरू झाले आणि रविवारची सकाळ या विधीला वर्ज्य ठरली. त्या दिवशी वाऱ्याने अँटेना फिरला तर ज्याच्याकडे शिडी तो गल्लीचा पुढारी.

अध्याय दुसरा : एवढे करून आले काय?

तर, नळ्या नीट बसल्या, बांबू ताठ उभा राहिला, भुते पळाली, मुंग्या गेल्या, आणि मराठी घरातल्या टीव्हीवर स्वच्छ, ठसठशीत हिंदी उमटली.

याचे मूळ १ नोव्हेंबर १९५६ च्या राज्यपुनर्रचनेत आहे. जुन्या मध्य प्रदेशाची राजधानी नागपूर. नवे राज्य झाले, राजधानी भोपाळला आली आणि फायलींच्या गठ्ठ्यांबरोबर नागपूरची मराठी कर्मचारी मंडळीही बिऱ्हाडे घेऊन आली. नव्या राजधानीच्या सरकारी क्वार्टरांच्या वसाहतीला तात्या टोपे नगर हे नाव मिळाले आणि सर्वांनी त्याचे लगेच टी. टी. नगर केले. भेल या सरकारी कंपनीचा कारखाना उभा राहिल्यावर पिपलानी आणि बरखेड्याकडेही मराठी आडनावांच्या पाट्या लागल्या. मुंबई दूरदर्शन २ ऑक्टोबर १९७२ ला सुरू झाले खरे, पण भोपाळहून मुंबई हवाई अंतराने साडेसहाशे किलोमीटर. लहर सरळ जाते, पृथ्वी मात्र वळते, आणि तेवढ्या अंतरात मुंबईचा मनोरा क्षितिजाच्या पार खाली बुडालेला असतो. सुट्टीत पुण्या-मुंबईला गेलेली मुले परत येऊन तिथल्या मराठी कार्यक्रमांचे वर्णन करत. इकडची मंडळी ते ऐकून घेत आणि बांबू आणखी दोन फूट चढवत.

आता या नळ्यांचे काय करावे? २०१६ मध्ये दूरदर्शनने देशातल्या १६ शहरांत जमिनीवरून डिजिटल प्रक्षेपण सुरू केले. त्या यादीत भोपाळ होते, इंदूर होते आणि औरंगाबादही होते. पुढे ऑक्टोबर २०२१ मध्ये प्रसार भारतीने जाहीर केले की मोक्याच्या ठिकाणचे सुमारे ५० सोडून बाकी सारे जुने ॲनलॉग ट्रान्समीटर ३१ मार्च २०२२ पर्यंत बंद होतील. तेव्हा यजमानाने दुकानात जाऊन 'डिजिटल अँटेना' मागू नये. ॲल्युमिनियमच्या नळीला ॲनलॉग-डिजिटल कळत नाही. कळावे लागते ते टीव्हीला. टीव्हीत डीव्हीबी-टी२ असे लिहिलेला ट्यूनर आहे का ते पाहावे, असल्यास वायर खोचून स्कॅन करावे. पट्टी शंभर टक्क्यांपर्यंत सरकून खाली शून्य चॅनल असे आले, तर टीव्हीवर थाप मारू नये. ती पद्धत जुन्या, पाठीला पोक असलेल्या टीव्हीसाठी होती.

अध्याय तिसरा : नागपूरकडे तोंड

शून्य आले तरी फुकटाचा मार्ग संपत नाही. डिसेंबर २००४ मध्ये डीडी डायरेक्ट प्लस या नावाने ३३ चॅनल घेऊन सुरू झालेली सेवा आता डीडी फ्री डिश म्हणून ओळखली जाते. डिश आणि सेट-टॉप बॉक्सचा खर्च एकदाच. महिन्याचे काही द्यायचे नाही. छतावरच्या या छत्रीला नवलाई समजू नये. १९७५-७६ मध्ये 'साइट' या उपग्रहावरून टीव्ही दाखवण्याच्या प्रयोगासाठी सहा राज्यांतल्या २४०० खेड्यांत टीव्ही पोहोचला, त्यात मध्य प्रदेशही होता. तिथल्या तीन मीटर रुंदीच्या डिश कोंबड्यांच्या खुराड्याला लावतात तसल्या जाळीच्या होत्या.

डिश बसवताना आधी खांब पाहावा. तो ओळंब्यात नसेल तर पुढचे सगळे गणित तिरपे जाते. डोळ्याने 'सरळच आहे' म्हणणाऱ्याला छतावरून खाली पाठवावे. मग वायरचे टोक. वरचे काळे आवरण बोटाच्या एका पेराएवढे सोलावे, खालची बारीक तारांची जाळी मागे दुमडावी, आतले पांढरे आवरण कापून तांब्याची तार पुढे काढावी आणि कनेक्टर पिळून बसवावा. हे काम दाताने करण्याची परंपरा आहे, ती मोडावी. जाळीचा केसाएवढा एक धागा तांब्याच्या तारेला चिकटला, तरी पडद्यावर 'नो सिग्नल' येते. मग घरातले तिघे दोन तास उपग्रह शोधत राहतात आणि बिघाड चिमटीत धरलेला असतो.

आता दिशा. फ्री डिशचा उपग्रह जीसॅट-१५ हा ९३.५ अंश पूर्व रेखांशावर, विषुववृत्ताच्या वर उभा आहे. भोपाळहून तो आग्नेयेला दिसतो : उत्तरेपासून मोजत गेल्यास सुमारे १४४ अंशांवर आणि क्षितिजापासून सुमारे ५७ अंश वर. ज्यांना अंश कळत नाहीत, त्यांनी नकाशा उघडून भोपाळ ते नागपूर सरळ पट्टी धरावी. ती रेघही १४४ अंशांच्याच आसपास पडते. म्हणजे कृती अशी : छतावर नागपूरकडे तोंड करून उभे राहावे आणि मान वर करावी.

मुंबई वेगळ्या दिशेला, नैर्ऋत्येला राहते. पण मुंबईच्या दूरदर्शनचे मराठी चॅनल सह्याद्री येते ते नागपूरच्या बाजूने. साडेसहाशे किलोमीटरवरून जे येऊ शकले नाही, ते विषुववृत्तावरच्या सुमारे ३६ हजार किलोमीटर उंचीवरून खाली उतरते. टी. टी. नगरच्या जुन्या क्वार्टरांत ज्यांचे आजोबा नागपूरहून ट्रंका घेऊन आले, त्यांच्या नातवंडांनी डिश बरोबर लावली तर तिचे तोंड आजोबांच्या गावाकडेच होते. हे कोणी ठरवून केलेले नाही. आजोबांच्या फोटोसमोर सांगताना मात्र ठरवून केले, असेच सांगावे.

एक इशारा. डिशचे ताट पाहून ती किती वर बघते, याचा अंदाज बांधू नये. या डिश तिरप्या नजरेच्या असतात. ताट जेवढे वर बघताना दिसते त्यापेक्षा वीस-पंचवीस अंश उंच तिची खरी नजर. त्यामुळे शेजारच्या काकूंना ती आपल्या वाळत घातलेल्या कुरडयांकडे रोखून बघते आहे असे वाटते. त्यांना एकदा छतावर बोलावून समजवावे आणि समजले नाही तर चहा द्यावा. घाई मात्र करू नये. नट आवळताना एका अंशाची चूक झाली, तर तेवढ्या उंचीवर तिचे सहाशे-साडेसहाशे किलोमीटर होतात. म्हणजे पुन्हा भोपाळ ते मुंबईचे अंतर.

अध्याय चौथा : विघ्ने आणि मुहूर्त

भोपाळला वर्षाकाठी हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो आणि त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबरात. फ्री डिशची लहर जेमतेम अडीच-पावणेतीन सेंटिमीटरची. जोरदार सरीतले थेंब तिला वाटेतच गिळतात. चित्राचे चौकोनी तुकडे होतात, मग तेही थिजतात. अशा वेळी छत्री घेऊन छत्री दुरुस्त करायला जाऊ नये. जुना अँटेना पावसात टिकून राही, कारण त्याची लहर लांब आणि वाट छोटी. हे सांगणारे एक मामा प्रत्येक घरात असतात आणि त्यांचे बरोबर असते.

ज्याच्याकडे मीटर नाही, होकायंत्र नाही आणि तंत्रज्ञाला बोलावण्याची इच्छाही नाही, त्याने मुहूर्ताची वाट पाहावी. वर्षातून दोनदा सूर्य भोपाळहून पाहताना नेमका या उपग्रहाच्या पाठीमागे येतो : १० मार्चच्या आसपास सकाळी सव्वाअकराला आणि ३ ऑक्टोबरच्या आगेमागे अकराला थोडे कमी असताना. कपड्यावर शिवतात तसली आरशाची एक टिकली घ्यावी आणि कणकेच्या चिमूटभर गोळीने डिशच्या मध्यभागी सपाट चिकटवावी. तिचा कवडसा पुढच्या दांडीवरच्या एलएनबीच्या, म्हणजे लहर टिपणाऱ्या डबीच्या, तोंडावर येईपर्यंत डिश हळूहळू फिरवावी. सूर्याकडे थेट बघू नये. सारे लक्ष कवडशावर ठेवावे. तो तोंडावर स्थिर झाला की पाना घ्यावा आणि वरचा नट, मग खालचा, असे आलटून पालटून आवळावे.

नेमक्या त्या काही मिनिटांत सूर्य स्वतःच इतका गोंगाट करत असतो की उपग्रहाचा आवाज त्यात बुडतो. तेव्हा डिश अचूक लागल्याची खूण म्हणजे खालून येणारी हाक : "गेलं!" ती ऐकून छतावरच्याने पाना खाली ठेवावा, कणकेची गोळी काढून कावळ्याला टाकावी आणि कठड्यावर टेकून बसावे. पाच-सात मिनिटांत सूर्य पुढे सरकतो. त्यानंतरही खालून काहीच आवाज आला नाही, तर टीव्हीसमोर आजी येऊन बसली आहे.