भिंत गुण्यात नाही

अहो वहिनी, दुपारची झोपमोड झाली ना? मलाच मेलीला लाज वाटते. आज ड्रिल बंद होईल म्हणालाय मिस्त्री. परवाही म्हणाला होता. या ना अशा जास्वंदीच्या बाजूनं, तिकडे तार निघालीये कुंपणाची, साडी अडकेल.

काय सांगू, स्वयंपाकघरातल्या ट्रॉल्या राहिल्या बाजूला, आमच्याकडे भिंतीवरून रामायण झालं. वरची कपाटं आधी लावतात, खालचं नंतर, हे मला आत्ता कळलं. तर मिस्त्रीनं पहिलं कपाट उचलून भिंतीला लावलं आणि मागं ही फट! माझी करंगळी आत जात होती. वर टेकतंय, खाली सुटतंय. त्यानं ओळंबा सोडला, कोपऱ्यात गुण्या धरला आणि अख्ख्या घरादेखत म्हणाला, ''बाबा, भिंत ओळंब्यात नाही. कोपरा तर गुण्यातच नाही.''

आमचे सासरे तिथंच खुर्ची टाकून बसलेले. 1988 साली हे घर अण्णांनी स्वतः उभं राहून बांधून घेतलंय, रोज ऑफिस सुटलं की थेट इथं. झालं! ''इतकी वर्षं फडताळातून एक तरी डबा घरंगळला का रे?'' त्या रात्री जेवले नाहीत. म्हणजे दूध-भाकरी खाल्ली, पण जेवले नाहीत.

मिस्त्रीचं तरी काय चुकलं हो? आपल्या कडप्प्याच्या फळ्या भिंतीत रोवलेल्या, भिंत जाईल तशा त्या जातात. हे खोके मशीनवर काटकोनात कापून आलेले. वाकड्या भिंतीला सरळ खोका लावला की फट आलीच. शेवटी मागं पाचरी दिल्या, कोपऱ्यात दोन बोटांची पट्टी मारली, तिला तोच सनमायका. कुणाच्या लक्षातही येत नाही. पण अण्णा येणाऱ्या-जाणाऱ्याला हात धरून नेतात आणि तीच पट्टी दाखवतात, ''ही बघा, याच्या मापातली चूक!''

प्लाय ना? सिंकखाली मरीन. हे अडूनच बसले, आयएस 710 चा शिक्का बघितल्याशिवाय माल उतरवू दिला नाही. म्हणे 72 तास उकळत्या पाण्यात ठेवून तपासतात. मी म्हटलं, आपण काय त्याची भाजी करणार आहोत? पण मागचं सिंकखालचं दार कसं फुगून पापड झालं होतं, तुम्ही पाहिलंयत. ट्रॉल्यांना स्टील 304 चं. दुकानदार लोहचुंबक लावून दाखवत होता, बघा ताई, चिकटत नाही. माझा भाचा हळूच म्हणाला, मावशी, स्वस्तातल्या 202 लाही चिकटत नाही. मग मी 304 हा आकडा बिलावर लिहूनच घेतला. चेहरा पाहण्यासारखा झाला होता दुकानदाराचा.

आणि गंमत सांगते. काल दारं लावली, तर दोन दारांच्या मधली फट वर बारीक, खाली रुंद. मिस्त्री गेला होता चहाला. येऊन बघते तर अण्णा स्टुलावर, चष्मा कपाळावर, हातात पेचकस! त्या नव्या बिजागऱ्यांना स्क्रू असतात ना, एक फिरवला की दार डावी-उजवीकडे सरकतं, दुसऱ्यानं आत-बाहेर. त्या मिस्त्रीनंच सकाळी शिकवलं होतं त्यांना. तो परत आला, दाराकडे बघितलं, अण्णांकडे बघितलं आणि म्हणाला, ''बाबा, उद्यापासून येता का कामाला?'' रात्री दोन भाकऱ्या जास्त गेल्या.

मांडणी? आहे की, मागच्या व्हरांड्यात. भंगारवाला किलोवर मागत होता. नाही हो, राग मानू नका, तुम्हालासुद्धा नाही देत. पंधरा किलोचा तेलाचा डबा एका ट्रॉलीत मावेल तर शपथ! थाळ्यांना जाळी आहे, कप-बश्यांना आहे, चमच्यांना तर सहा कप्पे. डब्याचा विचारच नाही. तो राहील मांडणीवर. परातही तिथंच.

ऐकलंत? पुन्हा सुरू झालं ते ड्रिल. जाते मी, नाहीतर अण्णाच घेतील ते हातात. आणि वहिनी, संध्याकाळी वाटीभर आमटी जास्त टाकाल का? भात लावीन मी मागं शेगडीवर.