सतरा माणकं आणि एक

"कोणी सांगितलं घालायला?"

प्रस्तुत लेखकाच्या उजव्या अनामिकेतलं माणिक पाहून गेल्या चार महिन्यांत निदान तीस जणांनी हाच प्रश्न विचारला. 'सुंदर आहे हो' असं एकालाही म्हणावंसं वाटलं नाही. शेजारच्या काकांनी तर आवाज खाली आणून "रवी नीचीचा का?" अशी चौकशी केली, मूळव्याधीची करतात तशी. ज्या गृहस्थाने आयुष्यभर फलज्योतिषाविरुद्ध लेख पाडले आणि व्याख्यानं झोडली, त्याच्यावर ही पाळी यावी! बरं, खरं कारण सांगायचीही सोय नाही. एका परिसंवादाच्या फोटोत माइक धरलेला लेखकाचा हात फारच भुंडा दिसत होता, एवढंच ते कारण.

सराफांनी मखमलीवर चार खडे मांडले. सर्वांत लालभडक आणि नितळ खड्यावर लेखकाने तात्काळ बोट ठेवलं. रत्नपारखी नजर म्हणतात ती हीच, असा भाव चेहऱ्यावर होता.

"साहेब, तो कारखान्यातला. तुलनेसाठी ठेवतो आम्ही."

माणिक म्हणजे ॲल्युमिनियमचं ऑक्साइड. त्यात किंचित क्रोमियम शिरलं की ते लाल होतं. ही पूड ज्योतीत वितळवून माणिक तयार करण्याची रीत ऑग्युस्त व्हेर्नय या फ्रेंच रसायनज्ञाने 1902 मध्ये जाहीर केली. तेव्हापासून खड्यात खोट नसणं हीच मोठी खोट झाली आहे. (स्थळं पाहताना आपल्याकडे हे शहाणपण आधीपासूनच आहे.) खाणीतल्या माणकात चिरा असतात, बारीक सुया असतात, रेशमासारखं धुकं असतं. ते पाहायला सराफांनी भिंग दिलं. लेखकाला त्यात स्वतःच्या पापण्या दिसल्या.

"दिसलं ना रेशीम?"

"वा! अप्रतिम."

दुसरा खडा मोठा आणि स्वस्त होता, कारण त्याच्या चिरांत शिशाची काच भरलेली होती. सोनाराच्या ज्योतीने ही काच बिघडतेच, पण लिंबाच्या रसानेही खराब होते. म्हणजे कोशिंबिरीला मुकणं आलं. तिसरा भट्टीत तापवून रंग खुलवलेला. बाजारातली बहुतेक माणकं अशीच असतात, आणि तसं सांगून विकली तर त्यात लबाडी नाही. चौथा न तापवलेला. त्याची किंमत सराफांनी तोंडाने उच्चारली नाही, कॅल्क्युलेटरवर दाखवली. लेखकाने तिसरा उचलला.

त्यात आणखी एक गोम. माणिक हिऱ्यापेक्षा घन, त्यामुळे तेवढ्याच कॅरटचं माणिक हिऱ्याहून लहान दिसतं. शिवाय वजन राखण्यासाठी पैलू पाडणारे खड्याचं पोट सुटू देतात. वरून बेताचा, खाली घसघशीत, आणि पैसे पोटाचेही मोजायचे. ही ठेवण लेखकाला ओळखीची वाटली.

खरा घोळ प्रमाणपत्राने केला. ब्रह्मदेशातलं मोगोक म्हणजे माणकांची पंढरी. म्हणून 'पणजोबांनी रंगूनहून आणलेला खडा' असं लेखकाने मेहुणीला आधीच सांगून ठेवलं होतं. कागदावर आलं मोझांबिक. तिथली माणकं जगाच्या बाजारात गाजू लागली ती 2009 मध्ये मोंतेप्वेझचे साठे सापडल्यावर. मेहुणीने हे मोबाइलवर वाचलं, पणजोबांचं श्राद्ध आठवलं आणि वजाबाकी केली. इंग्लंडच्या राजमुकुटातलं 'ब्लॅक प्रिन्सचं माणिक' तरी कुठे माणिक आहे, ते तर स्पिनेल, असा बचाव लेखकाने करून पाहिला.

"पण ते निदान जुनं आहे," मेहुणी म्हणाली.

माणकांचा विषय निघाला की लेखकाने घड्याळाबद्दल बोलायचं नाही, असं घरात ठरलेलं आहे. पण इथे घरातलं कोणी नाही.

अप्पांच्या मनगटावर एचएमटीचं 'जनता' असे. त्यावर '17 ज्युवेल्स' असं लिहिलेलं. चौथीतल्या लेखकाने अर्थ विचारला तेव्हा अप्पा म्हणाले, "आत सतरा माणकं आहेत." ते खोटं नव्हतं. चाकांचे आस माणकाच्या भोकांत फिरतात, कारण नुसत्या धातूची भोकं झिजतात. तासाला 18,000 टोले सोसायचे म्हणजे खडा कठीणच हवा. फक्त ती माणकं व्हेर्नयच्या वंशातली, कवडीमोलाची, हे अप्पांनी सांगितलं नाही. लेखकाने वर्गात जाहीर केलं की आमच्याकडे सतरा माणकं आहेत. एका मुलाने ती पाहण्यासाठी दोन पेरू देऊ केले. लेखकाने पेरू खाल्ले आणि माणकं बँकेत असल्याचं सांगितलं. रोज रात्री अप्पा चावी देत, तेव्हा लेखक खजिन्याच्या पहारेकऱ्यासारखा शेजारी उभा असे.

एका जूनमध्ये पुस्तकांचे पैसे जमेनात. लेखक म्हणाला, "अप्पा, एक काढून विकू. सोळा उरतील की." अप्पा हसले. मग घड्याळाला चावी दिली, ते कानाशी धरलं आणि बराच वेळ काही बोलले नाहीत. पुस्तकं दुसऱ्या दिवशी आली. जुनी होती. आतल्या नावावर पांढरा कागद चिकटवलेला होता.

असो. अंगठीकडे येऊ.

खडा पंजात धरला तर त्यात चहूकडून उजेड खेळतो, पण पंजे स्वेटरमध्ये अडकतात. शिवाय लेखक व्याख्यानात टेबलावर हात आपटतो. माणिक कठीणपणात हिऱ्याच्या खालोखाल, पण कठीण म्हणजे अभंग नव्हे. म्हणून भोवती सोन्याची कड दाबून पुरतं कोंदण करायचं ठरलं.

"खालून उघडं ठेवू ना? खडा कातडीला लागला तरच फळ मिळतं."

झालं! लेखकाचं तत्त्व जागं झालं. खालून बंद, अगदी पत्रा मारून बंद करा, असं त्याने बजावलं. आठ दिवसांनी माणिक आलं ते जांभळासारखं काळं. बिचाऱ्याला उजेडच नव्हता. पत्रा कापून घेतला आणि घडणावळ दुसऱ्यांदा भरली. मधल्या बोटाचा सांधा सुजलेला, म्हणून अनामिका. कारागीर शनिवारी आलाच नाही, म्हणून अंगठी मिळाली रविवारी सकाळी. सूर्याचं रत्न, सूर्याचं बोट, सूर्याचा वार आणि खालून उघडं. ज्योतिषाच्या एकूण एक अटी एका विवेकवाद्याने स्वखर्चाने पुऱ्या केल्या.

त्याच सकाळी काउंटरवर एक बाई अंगठी मोडायला आल्या होत्या. मुलाला नोकरी लागावी म्हणून कोणीतरी त्यांना सव्वापाच रतीचं माणिक घ्यायला लावलेलं, तेही हप्त्यांनी. सराफांनी खडा उचकटून बाजूला ठेवला आणि सोनं काट्यावर टाकलं.

"आणि याचं?"

"काच भरलेली आहे, बाई. याचं काही येत नाही."

बाईंनी खडा रुमालाच्या टोकाला बांधला. नोकरीचं विचारायचं धैर्य लेखकाला झालं नाही. त्याने उजवा हात खिशात घातला.

गेल्या महिन्यात अप्पांचं घड्याळ दुरुस्तीला नेलं. दुरुस्तीवाल्याने पाठ उघडून दाखवली. राजगिऱ्याच्या दाण्याएवढे गुलाबी ठिपके. लेखकाने ते भिंगातून पाहिले आणि या वेळी पापण्या मध्ये आल्या नाहीत.

"यातला एखादा विकायचा म्हटलं तर?"

"घेणार कोण? तेल घालायचे चारशे द्या."

अंगठी परवापासून लॉकरमध्ये आहे. घड्याळ दिवसाला चार मिनिटं मागे पडतं.