आधार टेंभलीचा, ऊस बारडोलीचा

29 सप्टेंबर 2010 रोजी नंदुरबार जिल्ह्यात, शहादा तालुक्यातल्या टेंभलीत पंतप्रधान डॉ. मनमोहन सिंग यांच्या उपस्थितीत देशातले पहिले आधार क्रमांक वाटले गेले. आदिवासी जिल्हा मुद्दाम निवडला, हे चांगलंच झालं. पण त्याच नंदुरबारमधून दिवाळी सरली की धडगाव-अक्कलकुव्याकडची माणसं ट्रकमध्ये बसून बारडोली-सुरतकडे ऊसतोडीला जातात. बारा आकडी नंबर सोबत असतो, हक्क गावातच राहतात.

आणि हद्द तरी किती लांब? नवापूर स्टेशन अर्धं महाराष्ट्रात, अर्धं गुजरातमध्ये. फलाटावर चार पावलं टाकली की राज्य बदलतं. तेवढ्यात गरोदर बाईचा अंगणवाडीचा आहार सुटतो, पोराची शाळा सुटते.

पडावावर जाऊन बघा. शेताच्या कडेला बांबू-प्लास्टिकची पालं. अंधारातच नवरा-बायको कोयता घेऊन निघतात, तान्हं फडाच्या बांधावर झोळीत. हंगामभर ऊस सोलून बोटांच्या रेघा झिजतात आणि रेशनच्या मशीनवर अंगठा उमटत नाही. मुकादमाच्या वहीत मात्र नाव पक्कं: उचल किती, व्याज किती, तोड किती टन. हिशेब हंगाम संपल्यावर.

1979च्या आंतरराज्य स्थलांतरित कामगार कायद्याने हा हिशेब मजुराच्या हातात द्यायला सांगितलं होतं. फोटो लावलेलं पासबुक, त्यात मजुरीचा दर आणि कपात. शिवाय राहायला जागा, फुकट औषधपाणी. बारडोलीच्या फडांतल्या खानदेशी मजुरांवर यान ब्रेमन या डच अभ्यासकाने लिहिलं तेही 1970च्या दशकातच. तेव्हा माहीत नव्हतं, असं कुणी म्हणू नये. कारखाना सहकारी, सभासद शेतकरी सहकारी. ऊस तोडणारा तेवढा मुकादमाचा. याची चीड यायला हवी.

होळीच्या आधी सातपुड्यात भोंगऱ्या बाजार भरतात. काठी गावच्या होळीसाठी कित्येक जण फड सोडून गावी येतात. त्याच आठवड्यात जिल्हा प्रशासनाने धडगाव, अक्कलकुव्याच्या बाजारांत टेबलं मांडावीत. मुकादमांच्या वह्या मागवाव्यात, प्रत्येक कोयत्याची, म्हणजे नवरा-बायकोच्या जोडीची, तोड, उचल आणि येणं मजुरासमोर वाचून दाखवावं, पासबुकात चढवावं आणि त्याची एक प्रत सुरतच्या जिल्हाधिकाऱ्यांकडे पाठवावी.