सावलीकाका

तुमच्या कॉलनीतही एक असणारच. बाळाला दुपट्यात गुंडाळून आईनं फाटकाबाहेर पाऊल टाकायचा अवकाश, हा गृहस्थ हजर! बाकीचे बाळाच्या तोंडाकडे बघतात, हा जमिनीकडे बघतो. आमच्या नागपुरी कॉलनीत त्यांना सावलीकाका म्हणतात. आख्खी नोकरी भूकरमापकाची. लोकांचे धुरे आणि धुऱ्यांवरची भांडणं मोजता मोजता निवृत्त झाले. आता मोजायला सावल्याच उरल्या आहेत.

‘‘सावली पाहिली का?’’ हा त्यांचा नमस्कार. नियम एका ओळीचा. सावली आपल्या उंचीपेक्षा लांब असेल तर खुशाल हिंडा, आखूड असेल तर बाळ घरात. नियम शंभर टक्के बरोबर आहे, आणि तीच तर पंचाईत आहे. चुकीचं बोलणाऱ्याला उडवून लावता येतं, बरोबर बोलणाऱ्याचं काय करायचं?

शेजारच्या ताईच्या लग्नात भर दुपारी फोटोग्राफरनं चार महिन्यांच्या भाचीला ‘उजेडात’ घ्यायला सांगितलं. काका कॅमेरा आणि बाळ यांच्यामध्ये उभे. ‘‘सावली गुडघ्याएवढी आहे न बाप्पा! पोट्टं भाजून राहिलं अन् तू उजेड मागून राहिला?’’ आल्बममध्ये भाचीचा एकही फोटो नाही. काकांच्या पाठीचे मात्र सहा आहेत.

एका नव्या बापानं बाबागाडीवर बायकोची ओढणी अंथरली. काकांनी आत हात घातला. ‘‘इथं वारा कुठून यायचा? सावली केली म्हणतो अन् आत गरम हवा कोंडून राहिला!’’ बापानं ओढणी काढली आणि खिशातून सनस्क्रीनची ट्यूब काढली. मग तर विचारूच नका. सहा महिन्यांखाली क्रीमच्या भरवशावर राहायचं नाही, कातडी पातळ असते. सैल सुती कपडे, काठाची टोपी आणि सावली. पाणीही पाजायचं नाही, अंगावरचंच दूध जास्त वेळा. दुपट्यात उन्हाळी बाधेवरचा कांदा सापडला, तर तो ते जप्त करून आजीच्या हातात देतात : ‘‘हा भाजीत टाका.’’

खरी जुगलबंदी आज्यांशी. त्यांच्या मते तेल लावून सात वाजताच्या कोवळ्या उन्हात बाळ पालथं घातलं की जगातल्या सगळ्या व्याधी संपल्या. काका म्हणतात, त्या उन्हात ड जीवनसत्त्व तयार करणारे किरण नावालाच असतात. ते यायला ऊन चढावं लागतं, आणि ऊन चढलं की सावली आखूड! म्हणून तर डॉक्टर पहिलं वर्षभर रोज चारशे युनिटचे थेंब देतात. ‘‘आमची पोरं काय थेंबांवर वाढली?’’ या आजीअस्त्रापुढे काका थेट इंग्लंडला पोचतात. १९५०च्या दशकात इसेक्समधल्या रॉचफर्डच्या रुग्णालयात वॉर्ड नावाच्या सिस्टर अपुऱ्या दिवसांची बाळं अंगणातल्या उन्हात नेत. उजेड लागलेल्या अंगावरची कावीळ उतरलेली दिसली. मग डॉक्टर क्रेमर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दिव्यांचा पाळणा केला आणि १९५८ साली ते छापून आणलं.

‘‘म्हणजे उन्हानंच बरी झाली न?’’ आज्या एकसुरात.

‘‘मग ऊन फुकट असताना त्यांनी दिवा काहून बनवला?’’

यावर आज्या तेलाची वाटी उचलून आत गेल्या. कोण जिंकलं हे अजून ठरलेलं नाही. पिवळं दिसणारं बाळ मात्र आता खिडकीत न ठेवता दवाखान्यात नेतात, एवढं खरं.

काकांचा सण २६ मेच्या सुमारास येतो. नवतपा नुकताच लागलेला, आणि त्याच वेळी सूर्य नागपूरच्या बरोबर डोक्यावर. बारा वाजून दहा मिनिटांच्या आसपास काका अंगणात स्टीलचा उभा डबा ठेवतात. डब्याची सावली आकसत जाते आणि बुडाखाली नाहीशी होते. ‘‘पाहा! मोजायलाच काही उरलं नाही!’’ आनंद झाला की संताप, हे त्यांच्या चेहऱ्यावरून कळत नाही. आम्ही पडद्याआडून, कूलरसमोरून त्यांना शून्य सावलीच्या शुभेच्छा देतो.

गेल्या उन्हाळ्यात कोपऱ्यावरच्या प्लॉटवर इमारत चढू लागली. आधी तिथला कडुनिंब गेला. मग दोन बांबूंना साडीची झोळी बांधली गेली, झोळीत तान्हं, आणि त्याची आई डोक्यावर घमेलं घेऊन वर. आता काका तिला गाठणार, याची आम्हाला खात्री होती. काका गेले, सवयीनं खाली बघितलं आणि काही बोललेच नाहीत. आयुष्यात पहिल्यांदा. तिला काय विचारणार होते?

घरून त्यांनी मोजणीच्या काळातली मोठी काळी छत्री आणली, सुतळीनं बांबूला बांधली आणि विटांच्या थप्पीवर बसले. ऊन सरकलं की छत्री सरकवायची. दुसऱ्या दिवशी जमिनीवर चुन्याच्या रेघा दिसल्या : अकरा, बारा, एक. काका जेवायला गेले की बाळाची सहा-सात वर्षांची बहीण रेघा बघून छत्री फिरवायची. शाळेचं तोंड न पाहिलेली ती पोर आठवडाभरात भूकरमापक झाली.

मोजणी करणारा माणूस एवढ्यावर थांबत नाही. १९९६च्या बांधकाम कामगार कायद्यात होतं की पन्नासपेक्षा जास्त बायका कामावर असतील, तर सहा वर्षांखालच्या त्यांच्या मुलांसाठी खोली द्यायची. काकांनी ठेकेदाराला विचारलं. ‘‘आपल्याकडे अठ्ठेचाळीसच आहेत, काका.’’ काकांनी चहाच्या सुटीत फाटकाशी उभं राहून मोजल्या. त्रेसष्ट. हजेरीपुस्तकात अठ्ठेचाळीस. सातबाऱ्यावरची जमीन आणि पायाखालची जमीन यांतला फरक ज्यानं जन्मभर मोजला, त्याला यात नवल वाटलं नाही. राग मात्र आला.

हा माणूस मला आजही नकोसा होतो. भाजी आणायला निघालं तरी सावली विचारतो. पण आम्ही सगळ्यांनी ती झोळी गच्चीवरून रोज पाहिली होती, आणि तिथं जाऊन बसला तो हाच, हे नाइलाजानं लिहावं लागतं.

उन्हात उभ्या राहणाऱ्या गाड्यांवर हिरवी जाळी टाकायचा ठराव सोसायटीच्या सभेत एकमतानं मंजूर झाला. त्यातली थोडी जाळी झोळीवर टाकावी, ही काकांची सूचना ‘आयत्या वेळच्या विषयां’त ढकलली गेली आणि आयत्या वेळी चहा आला. काका उठून उभे राहिले.

‘‘एकच सांगा. सहा महिन्यांखालची गाडी कोणाकडे आहे?’’

सेक्रेटरींनी हा प्रश्न इतिवृत्तात घेतला नाही.